मावशी दिलेली आहे, हाच पुरावा

बासष्टाव्या वर्षी मला फार अक्कल होती. आता सत्तरीला टेकल्यावर ती बरीच कमी झाली आहे, त्यामुळे घरात शांतता असते.

वारूळवाडीच्या पुढे आमच्या मळ्यातल्या दोन खोल्या रिकाम्या पडल्या होत्या. सुट्टीला किल्ला चढायला येणाऱ्या पुण्या-मुंबईच्या माणसांना त्या राहायला द्यायचं मी ठरवलं. ठरवलं म्हणजे काय, परवानगीचा पत्ता नसताना पाटी रंगवून घेतली आणि नारायणगावच्या बाजारात भेटेल त्याला सांगून आले. ती पाटी उतरवावी लागली असती, तर त्याच बाजारात तोंड दाखवायची सोय उरली नसती.

मग कागद सुरू झाले. ग्रामपंचायतीचा ना-हरकत दाखला, घराचा उतारा, आग विझवायचा लाल सिलिंडर आणि माझं चारित्र्य चांगलं असल्याचा पोलिसांचा दाखला. हवालदारानं विचारलं, "आजी, कधी काही गुन्हा?"

"सासूशी बारा वर्षं भांडले, ते धरायचं का?"

"ते कलमात बसत नाय," तो म्हणाला.

फॉर्मात 'परिसरातील आकर्षणे' असा रकाना होता. त्यात मी लिहिलं: किल्ला, द्राक्षबाग, बिबट्या (रोज नाही). सुनेनं बिबट्या खोडला.

राहिली नोंदवही. येणाऱ्याचं नाव, पत्ता, ओळखीचा पुरावा आणि सोबत कार्डाची झेरॉक्स. सराव म्हणून मी दोन-तीन कुटुंबं आधीच ठेवून घेतली होती. सून रोज बजावायची, "आत्याबाई, दारातच कार्ड मागायचं बरं का."

"दारात आलेल्या माणसाला पाणी विचारायचं का पुरावा? तू माग. मला लाज वाटती."

आमच्याकडे पाहुण्याला आधी गूळपाणी देतात, मग गाव विचारतात आणि चहा होईपर्यंत कुठलं तरी नातं निघतंच. वही मी तशीच भरली.

परवानगी द्यायच्या आधी तपासणीला येणारे सरकारी साहेब आले तेव्हा सून मंचरला गेली होती. मी गूळपाणी दिलं. गाव विचारलं. त्यांची मावशी माझ्या माहेराच्या शेजारच्या गावात दिलेली निघाली. मग काय, पिठलं-भाकरीच झाली. साहेबांनी हात पुसत वही मागितली आणि मोठ्यानं वाचायला लागले.

"ठाण्याचे कुटुंब. पुरावा: चेहऱ्यावरून सरळ. पुण्याचे जोडपे. पुरावा: बाईंनी आपणहून भांडी घासली." पुढच्या ओळीवर ते थांबले. भाकरी थापता थापता मी त्यांचीही नोंद करून ठेवली होती. "साहेब. पुरावा: मावशी दिलेली आहे."

"आजी, हे काय?"

"खोटं हाय का?"

"खरं आहे हो. पण कार्डाची झेरॉक्स नाही, तर परवानगीची शिफारस नाही. पान फाडू नका. दुसऱ्या पानापासून नीट लिहा. मी सोमवारी परत येतो."

आठवडाभर मी येता-जाता पदरानं पाटी पुसत होते. सोमवारी साहेब उन्हातान्हाचे आले, अंगणात चपला काढल्या आणि सवयीनं म्हणाले, "आजी, पाणी."

मी उंबऱ्यात आडवी उभी राहिले. "कार्ड."

"अहो, मी मागच्या सोमवारी जेवून गेलोय!"

"ते पहिलं पान. आता दुसरं चालू हाय."

खिसे चाचपून झाले. कार्ड ऑफिसात राहिलं होतं. त्यांनी मोबाईलवर फोटो मागवून दाखवला. मी म्हटलं, "झेरॉक्स लागती, साहेब. न्हाई तर शिफारस करणारे साहेब लई कडक हायेत."

मळ्यातला आमचा गडी साहेबांचा मोबाईल घेऊन नारायणगावला गेला आणि छापील कागद घेऊन आला, घामानं ओलाचिंब. कागद वहीला चिकटवला, साहेबांची सही घेतली, मगच गूळपाणी पुढे केलं. हसत हसत त्यांनी शिफारस लिहिली.

आता परवानगीचा दाखला भिंतीवर आहे, पाटी जागेवर आहे आणि कार्ड सून मागते. मला विचाराल तर त्या दिवशीचं सगळं बरोबरच होतं. पण बासष्ट वर्षांत पहिल्यांदा माझ्या अंगणात माणूस पाणी मागून तहानलेला ताटकळला, आणि तेवढ्यासाठी सरकारनं मला दाखला दिला.