तिकडचा सुभग

तुमसरला आमच्या गल्लीत एक कारकून राहतात. पक्ष्याचा फोटो दाखवला तर ते आधी फोटो बघतच नाहीत. चष्मा कपाळावर ठेवूनच विचारतात, "कुठचा होय?" जागा कळली की मगच मोबाइल हातात घेतात. माणसांचंही तसंच, गाव आधी, नाव नंतर. त्यांचं स्वतःचं गाव गोसीखुर्द धरणाच्या पाण्याखाली गेलं. त्यांनी इथं घर बांधलं, मुलं इथंच झाली, पण कुणी गाव विचारलं की ते अजून त्याच गावाचं नाव सांगतात.

त्यांचा जीव सुभगावर. चिमणीहून लहान, पिवळा, झाडोऱ्यात शीळ घालणारा हा पक्षी. विणीच्या दिवसांत इथल्या, आंबागडकडच्या नराची पाठ हिरवट राहते, गोसीखुर्दकडच्याची काळी होते, म्हणून या दोन वेगळ्या उपजाती, असं त्यांचं ठाम मत. पुस्तकात तसं नाही म्हटलं की चिडतात. "पुस्तकवाले आले होते का इकडं पाहाले?" मी वाद घालत नाही, दुर्बीण त्यांची असते.

परवा आंबागडच्या पायथ्याशी मीच त्यांना एक घरटं दाखवलं. काळ्याकुळकुळीत पाठीचा नर पिलांना अळी भरवत होता. त्यांनी बराच वेळ दुर्बीण खाली घेतली नाही.

"हा इकडचा नाही जी," शेवटी म्हणाले.

"अहो, घरटं आहे, पिलं आहेत."

"असतीन. घर केलं, पोरं झाली, म्हणून काय इकडचा होते? तो तिकडचाच."