खरवड आणि लोढणं

आमच्या शेतावरच्या कुत्र्याने मावशींचं लुगडं फाडलं, तेव्हा मी विहिरीच्या कठड्यावर बसले होते. मावशी म्हणजे केनवडहून आमच्याकडे कामाला येणाऱ्या बायांच्या पुढारी. त्या दिवशी सोयाबीन सोंगायचं, म्हणजे कापायचं होतं. बाया ऑटोतून उतरल्या आणि कुत्र्याने तोंड फिरवलं, जांभई दिली, दोनदा नाक चाटलं. शेपूट पोटाखाली गेलेली. मावशी त्याला चुचकारायला वाकल्या. मला वाटलं, नको, मागे व्हा. पण माझ्या तोंडून काही निघायच्या आत त्याने पदराचा टरकाच केला.

"भाऊ, तुमी त्याले ठेवा नाई तं आमाले ठेवा," मावशी मोठ्या बाबांना म्हणाल्या. "तूर सोंगाले आमी येत नाई मंग."

मोठे बाबा, माझ्या वडिलांचे थोरले भाऊ, शेतीचं सगळं तेच पाहतात. त्यांनी तिथल्या तिथे ठरवलं. "पोत्यात घालतो अन कामरगावच्या तिकडं सोडून येतो. मांगं यायचं नाव घेत नाई."

आमच्याकडे कुत्र्यांचं असंच करतात. कोणी मारत नाही, फक्त इतक्या लांब नेऊन सोडतात की वास लागू नये.

रात्रीच्या जेवणात मी म्हटलं, "तुरीपर्यंत राहू द्या. मी शिकवते त्याला."

"कोनाले? कुत्र्याले?" मोठे बाबा हसले. "इंग्रजीतून काय?"

मोठी आई, म्हणजे माझी काकू, म्हणाली, "मंग वाशिमच्या त्या इंग्रजी शाळेतच नाव टाका त्याचं. बूट-मोजे घेऊन देऊ." सगळे हसले. मी भाकरीत बोट खुपसून बसले. पण 'नको' असं कोणी म्हटलं नाही.

पहिले काही दिवस मी फक्त पाहत राहिले. गोठ्यात खिळ्याला एक लोढणं टांगलेलं असायचं. म्हणजे बाभळीचं हातभर लाकूड. शेतात माणसं येणार असली की ते दोरीने कुत्र्याच्या गळ्यात बांधायचे, पळायला गेला की पुढच्या गुडघ्यांवर आदळावं म्हणून. एका सकाळी मोठ्या बाबांनी नुसता खिळ्याला हात लावला आणि कुत्रा जागच्या जागी मुतला. तेव्हा मला कळलं. ऑटोचा आवाज येतो, मग लोढणं येतं, मग बाया येतात. त्याच्या लेखी त्या बायाच हे लाकूड घेऊन येत होत्या. मावशींच्या लुगड्याच्या दिवशी घाईत ते बांधायचं राहिलं होतं, इतकंच. तो चावरा नव्हता, घाबरला होता. माणूस एकदम जवळ आला की मीही मान वळवते. फरक एवढाच की मला कोणी बांधत नाही.

लोढणं मी कुटाराच्या, म्हणजे भुशाच्या, ढिगात खोल पुरलं.

मग फोनवर ऑटोचा आवाज भरून घेतला. आवाज अगदी बारीक लावायचा आणि लगेच म्हशीच्या दुधाच्या पातेल्याच्या बुडाला लागलेली खरवड त्याच्यापुढे टाकायची. खरवड मोठ्या आईला जीव की प्राण. साखर घालून ती एकटी खाते. "माह्या वाटणीचं कुत्र्याले चारून राह्यली," असं म्हणत तिने अर्धी दिली. पाच-सहा दिवसांत आवाज आला की तो कान टवकारून माझ्या हाताकडे बघायला लागला. मला इतका आनंद झाला की दुसऱ्याच दिवशी मी आवाज पुरता मोठा केला. तो बैलगाडीखाली शिरला तो संध्याकाळपर्यंत बाहेर आला नाही. मी गाडीजवळ मातीत बसून राहिले. दुसऱ्या दिवशी पुन्हा बारीक आवाजापासून सुरुवात.

पण फोनमधून बाया उतरत नाहीत. खरं माणूस हवं होतं, म्हणजे मला केनवडला जाऊन मावशींना विचारायला हवं होतं. मी दोनदा त्यांच्या गल्लीपर्यंत जाऊन परतले. तिसऱ्यांदा त्यांनीच दारातून पाहिलं.

"काय वं पोरी, कोनाच्या घरची वाट चुकली?"

मी एका दमात सगळं सांगून टाकलं.

"मंग मी काय करू?" त्यांनी विचारलं.

"काही नाही. फक्त बसायचं. त्याच्याकडे पाहायचं नाही, बोलवायचं नाही. मधूनमधून तुकडा टाकायचा."

"म्हंजे नव्या जावयावानी बसू? गप, मान खाली घालून?" त्या खळखळून हसल्या. "लुगडं माह्यं फाडलं अन जावई बी मीच!"

पण आल्या. चार संध्याकाळी कुत्र्याकडे पाठ करून धुऱ्यावर, शेताच्या बांधावर, बसल्या, माझ्याशी बोलत, अंदाजाने मागे खरवड टाकत. पहिल्या दिवशी त्याने ती त्या गेल्यावर खाल्ली. चौथ्या दिवशी त्यांच्या पाठीपासून हातभर अंतरावर.

तूर सोंगायच्या सकाळी ऑटोचा आवाज आला आणि मोठे बाबा गोठ्यातून ओरडले, "लोढणं कुठी हाये?"

"मी लपवलंय. देणार नाही."

तोवर बाया उतरल्या होत्या. त्यांच्यात एक नवीन बाई होती. "या माय, कसा काया कुयकुयीत हाये," असं त्याच्या काळ्या रंगावरून म्हणत ती सरळ हात पुढे करून कुत्र्याकडे निघाली. त्याने तोंड फिरवलं. जांभई दिली. नाक चाटलं.

"थांबा!" मी ओरडले. "मागे या! त्याला भीती वाटतेय!"

सगळं शेत माझ्याकडे पाहायला लागलं. ती बाई दचकून दोन पावलं मागे सरली. कुत्रा तिला वळसा घालून बैलगाडीखाली गेला. भुंकला नाही. मावशींनी शिदोरी सोडली, भाकरीचा तुकडा मोडला आणि न बघता मागे टाकला. जरा वेळाने तो बाहेर आला, तुकडा उचलला आणि तिथेच बसून खाल्ला.

"चला वं, पाह्यत काय बसल्या," मावशी बायांना म्हणाल्या. "तूर सोंगाची हाये का नाई?"

मोठे बाबा गोठ्याच्या दारात उभे होते. हातात रिकामं पोतं. कामरगावला ते त्याच दिवशी निघणार होते. त्यांनी पोतं झटकलं, घडी केली आणि माझ्याकडे दिलं.

"ठेव," ते म्हणाले. "तुरीले लागते."