दर रविवारी माझ्या आईची गोष्ट

माझं माहेर दिवाळे गावचं, बेलापूरच्या खाडीकाठच्या कोळीवाड्यातलं. लग्नानंतर मी सीवूड्सच्या फ्लॅटमध्ये राहायला आले. दोन्हीत अंतर एवढंच, की रिक्षा पटकन मिळाली तर इथे गाळलेला चहा तिथे गरम पोचावा. तरी मी गावाला पाहुणीच झाले होते. अधूनमधून जायचं, आईच्या हातचं जेवायचं, सुकट आणि सोडे घेऊन परत यायचं. लिफ्टमध्ये वास नको म्हणून ती पिशवी आणखी एका पिशवीत घालायची.

आमच्याच सोसायटीत माझी मैत्रीण राहायची. ती मूळची सांगलीची. बँकेतली नोकरी सोडून घरी बसली होती आणि घरी बसवत नव्हतं. तिच्याकडे गावाकडून कोणी आलं की तिला प्रश्न पडायचा, यांना दाखवायचं काय? मॉल दाखवून झाला, फ्लेमिंगो दाखवून झाले. एकदा मला म्हणाली, ‘‘अगं, तुझं माहेर इतकं जवळ आहे, मला ने ना एकदा.’’

मी नेलं. हौसेने नेलं. आई ओट्यावर बोंबील निवडत होती. मैत्रीण तिच्याशेजारी जमिनीवरच बसली आणि विचारायला लागली. हे कधी वाळत घालता? पावसाळ्यात काय करता? उलटे का टांगता? मी आतून पाण्याचा तांब्या आणेपर्यंत आई तिला बोंबील वाळवायच्या बांबूच्या वलांडीपाशी घेऊन गेलीसुद्धा होती.

पुढे ती एकटीच जायला लागली. मग एक दिवस उत्साहाने सांगत आली, ‘‘मी वॉक सुरू करतेय. रविवारी सकाळी, तुमच्या गावात. तिकीट नाही. शेवटी ज्याला जे वाटेल ते द्यायचं, नाही वाटलं तर नाही द्यायचं. बाहेरच्या देशात असं खूप चालतं. आपल्याकडे लोकांना फक्त दक्षिण मुंबईच दाखवतात.’’

‘‘आमच्या गावात बघायला येणार कोण?’’ मी म्हटलं.

पण लोक आले. खारघरचे, पवईचे, एकदा तर जर्मन नवरा-बायको. जेट्टीवर होड्या बघायच्या, जाळं विणणाऱ्यांशी बोलायचं, अरुंद गल्ल्यांतून मासळी बाजारात यायचं, आणि शेवटी माझ्या आईच्या ओट्यावर बसून चहा. मिळालेल्या पैशांतलं काही ती आईकडे आणि जाळं विणणाऱ्यांकडे द्यायची. त्याबद्दल मला तिच्याविषयी वाकडं बोलायला जागा नव्हती. असती तर बरं झालं असतं.

कारण मला खुपत होतं ते वेगळंच. आधी ती आईला ‘मावशी’ म्हणायची. काही महिन्यांनी ‘आई’ म्हणायला लागली. एकदा मी फोन केला तर आई घाईत होती. ‘‘मंगन बोलू. बाय आलीय.’’

बाय. आमच्याकडे लेकीला बाय म्हणतात. त्या घरात बाय मी होते. मी विचारलं, ‘‘कोण बाय?’’ तर आई म्हणाली, ‘‘कोन म्हंजे? तुझी मैतरीन.’’

त्यानंतर मी आईकडे जास्त जायला लागले. कारण चांगलं नव्हतं, पण जायला लागले. तर तिथे फडताळात तिच्यासाठी वेगळा कप. तिला कांदा नको म्हणून कांद्याशिवायची चटणी. मी लहानपणी वांगं खात नव्हते तेव्हा आईने एकदाही वेगळं काही केलेलं मला आठवत नाही. शेजारची काकू मला म्हणाली, ‘‘तुझी मैतरीन लय गुनाची हाय गो,’’ आणि मी हसले. चेहऱ्यावर हसू धरून ठेवताना गाल दुखतात, हे मला त्या दिवसांत कळलं.

शेवटी मी ठरवलं, आपण एकदा वॉकला जायचं. बघू तरी काय सांगते. तिला कळवलं तेव्हा ती इतकी खूश झाली की मलाच कसंतरी झालं. ‘‘मी सगळ्यांना सांगू, ही इथलीच?’’

‘‘नको,’’ मी म्हटलं. ‘‘मी बाकीच्यांसारखी येते.’’

म्हणून त्या रविवारी मी माझ्याच गावात टोपी घालून, पाण्याची बाटली घेऊन, अनोळखी लोकांच्या घोळक्यात चालत होते. ज्या गल्लीत मी पडून गुडघा फोडून घेतला होता, ती गल्ली एक मुलगी मोबाइल उंच धरून शूट करत होती. मैत्रीण पुढे चालत होती. मी चुका शोधत होते. एक सापडली. तिने खुब्यांना, त्या जाड गोल कवचवाल्यांना, शिंपल्या म्हटलं. मला त्याचं केवढं बरं वाटलं! पण बाकी ती छान बोलत होती. आवाज न चढवता बोलायची, माणसं आपोआप जवळ यायची. गल्लीत कोणाला धक्का लागणार नाही, कोणाच्या दारात कोणी डोकावणार नाही, याकडे तिचं लक्ष होतं. म्हाताऱ्या बाया तिला हाक मारत होत्या. मला दोघींनी ओळखलं, आणि त्यांनीही आधी तिलाच हाक मारली.

आईचं घर आलं. आई बाजारातून यायची होती. सगळे ओट्यावर, पायरीवर टेकले. मैत्रीण उभी राहिली आणि म्हणाली, ‘‘ज्यांचा हा ओटा आहे, त्या बाजारात बसायला कशा लागल्या, ते सांगते.’’

मला वाटलं, यात सांगण्यासारखं काय आहे? आई बाजारात बसायची, बस्स. मला आठवतंय तेव्हापासून बसायची.

ती सांगायला लागली. लग्न होऊन आली तेव्हा माझ्या आईला बाजारात बसायचं होतं. माहेरी, पलीकडे उरणच्या बाजूला, ती तिच्या आईबरोबर पाटी घेऊन बसत असे. भाव करणं तिला आवडायचं. पण इथे सासू म्हणाली, बाजारात मी बसते, सुनेने मासळी सुकवायची. नवरा गप्प. पहिली मुलगी झाली तरी तेच. मग एका शिमग्यानंतर भांडण झालं, आणि दुसऱ्या दिवशी पहाटेच्या भरतीला ती दिराची छोटी होडी घेऊन एकटी निघाली. खाडी ओलांडून माहेरी गेली. उन्हाळा गेला, पावसाळा लागला, ती आली नाही. दोनदा माणसं आणायला गेली, तिने नाही म्हटलं. शेवटी सासू स्वतः गेली आणि म्हणाली, चल, तुझी पाटी वेगळी, तुझी जागा वेगळी. तेव्हा नारळी पौर्णिमेला ती परत आली.

‘‘आणि मुलगी?’’ एका बाईने विचारलं.

‘‘मुलगी इथेच होती, आत्याजवळ. होडी लहान होती, बाळाला घेऊन एकटीने जाणं धोक्याचं होतं.’’

त्या बाईने डोळे पुसले. कोणीतरी टाळ्या वाजवल्या. मैत्रिणीने माझ्याकडे बघून हळूच मान हलवली, म्हणजे, बरोबर सांगितलं ना? आणि मीही मान हलवली.

मला यातलं काहीही माहीत नव्हतं.

मला एवढंच सांगितलं होतं की मी लहान असताना आईला कावीळ झाली होती, म्हणून तिला माहेरी ठेवलं होतं आणि आत्याने मला सांभाळलं. आत्या असेपर्यंत लाडाने म्हणायची, तू माझी पन पोर हायस. मी ते ऐकून हसायचे. माझ्याच आयुष्यातली गोष्ट, आणि मी ती पायरीवर बसून, पवईच्या लोकांबरोबर, पहिल्यांदा ऐकत होते. आईने मला सोडून जाण्याचं दुःख नंतर आलं. आधी आला तो राग, की हे तिला कसं माहीत? माझ्या आधी तिला कसं माहीत?

सगळे गेल्यावर आई आली. पाटी उतरवेपर्यंतही मी थांबले नाही.

‘‘तुला कावीळ झाली नव्हती?’’

आईने माझ्याकडे बघितलं, मग रिकाम्या ओट्याकडे. ‘‘आज बायने सांगितला वाटतं.’’

‘‘तिला बाय म्हणू नकोस. मला का नाही सांगितलंस?’’

‘‘हात तरी धुवू दे.’’

तिने हात धुतले, पदराला पुसले, आणि माझ्यासमोर बसली. ‘‘ती इचारीत गेली, मी सांगत गेले.’’

‘‘मी नसतं विचारलं?’’

‘‘तू इचारला असतास तरी नसता सांगितला,’’ आई म्हणाली. ‘‘तिना सांगाया काय लागतंय? तिना थोडीच टाकून गेलते मी? तुना टाकून गेलते. ता तुझे तोंडावर कसा सांगू?’’

मी जेवले नाही. आईने डबा भरून दिला, तो घेतला.

संध्याकाळी मी मैत्रिणीकडे गेले आणि सरळ म्हटलं, ‘‘ती गोष्ट सांगणं बंद कर.’’

तिला आधी कळेचना. मग कळलं. तिचा चेहरा पडला. ‘‘तुला माहीत नव्हतं? अगं देवा. मला वाटलं, मुलीला माहीत नसेल असं कसं होईल. सॉरी. खरंच सॉरी. नाही सांगणार.’’

ती भांडली असती तर मला मोकळं वाटलं असतं. ती भांडली नाही. पुढच्या रविवारपासून तिने ती गोष्ट काढून टाकली आणि ओट्यावर नुसता चहा द्यायला लागली. मी जिंकले होते. आठवडाभर मला त्याचं समाधान होतं, नंतर तेही गेलं.

मग आईचा फोन आला. आई सहसा फोन करत नाही. ‘‘तू तिना सांगाया कशाला बंद केलास?’’

‘‘आई, तुझं खाजगी आहे ते. येणाऱ्या-जाणाऱ्याला कशाला?’’

‘‘माझा हाय ना? मंग मी बघीन कोनाला सांगाचा ता.’’ तिचा आवाज चढला होता. ‘‘आख्खा जल्म मासली इकली, कोनी इचारला नाय तू इथं कशी बसलीस. आता लोकं येतात, ऐकतात. तुना काय तरास हाय?’’

तू तिच्याकडे बघून बोलतेस, हे सांगायचं तरी कसं? चाळिशी उलटलेल्या बाईने?

मी मैत्रिणीला सांगितलं, सांग परत. ती म्हणाली, आता आईच सांगू देत, मी हिंदीत सांगेन बाकीच्यांना. तेव्हापासून रविवारी आई लवकर बाजार आटपते, इस्त्रीची साडी नेसते आणि ओट्यावर बसून स्वतःच सांगते. दर वेळी काही तरी वाढतं. कधी वारा जास्त असतो, कधी सासू रडते. सांगताना ती मधेच थांबते आणि मैत्रिणीकडे बघते, पुढचं तिने बोलावं म्हणून. दोघींना एकमेकींच्या थांबण्याची सवय झाली आहे. मी कधी कधी जाते, मागे दाराशी उभी राहते. चहा मी करते. अजूनही मला ते बघवत नाही, आणि अजूनही मी जाते.

मात्र आता मी मंगळवारीही जाते. मंगळवारी बाजार थंड असतो आणि मैत्रीण येत नाही. परवा आई कोळंबी सोलत होती. मीही बसले सोलायला. बऱ्याच वेळाने विचारलं, ‘‘त्या दिवशी होडीत बसलीस, मग सरळ गेलीस?’’

आईने मान वर केली नाही. ‘‘नाय,’’ ती म्हणाली. ‘‘तिवरांच्या पल्याड गेले न् दूध आला. चोली भिजली सगली. तशी होरी मागं वलवली. पार जेट्टीपतूर आले. घरान दिवा लागलेला. तू रडतेस का ता आयकत बसले.’’

‘‘रडत होते?’’

‘‘नाय. तुझी आत्या गात व्हती. मंग परत वलवली.’’

मी कोळंबी सोलत राहिले. थोड्या वेळाने तिने माझ्यापुढची साल उचलून आपल्या परातीत टाकली आणि म्हणाली, ‘‘डोकी नको टाकू, कालवनाला घेऊ.’’

एवढं ती रविवारी सांगत नाही. मैत्रिणीला विचारून मी खात्री करून घेतली, आडून आडून, तिला कळू न देता. तिला हे ठाऊक नाही. आता हे वाचून तिला कळेल, तर कळू दे. माझ्या नंतर कळेल.