उष्टी पत्रावळ

आमचे गुरुजी कागदाचा कपटाही जपत. पण गुप्त पत्रासाठीची आकड्यांची चिठ्ठी वापरली की लगेच चुलीत घालायला सांगत. "पत्रावळ हाय थे. धुऊन कोणी जेवते काय वो?"

चौथीपर्यंत मी त्यांच्याच हाताखाली शिकले. पत्रलेखनात साष्टांग नमस्कार विसरला की छडी बसे. "नमस्काराबिगर पत्र म्हंजे मुंडक्याबिगर मानूस!"

बेचाळीसच्या धरपकडीत गुरुजी चिचगडच्या जंगलात लपले. घरी त्यांच्या पत्नी, मास्तरीणबाई, अंथरुणावर. त्यांना अक्षर येत नव्हतं, म्हणून पत्रं मी लिहायची. जाताना गुरुजींनी आठ चिठ्ठ्या दिल्या, तशाच आठ स्वतःजवळ ठेवल्या. एका पत्राला एक चिठ्ठी; तिच्यावर ओळीने आकडे. अक्षराच्या वाट्याला जो आकडा येईल, मुळाक्षरांत तितकी घरं पुढचं अक्षर लिहायचं. "अन् नमस्कार लिहू नोको. तो साऱ्यायले पाठ हाय." मी मान हलवली. त्यांच्यासमोर माझा आवाज कधी फुटलाच नाही.

सात चिठ्ठ्या जाळल्या. आठव्या पत्रात हात आपोआप नमस्कार लिहून गेला. त्या पत्राला उत्तर आलं नाही. मास्तरीणबाई रोज विचारत, "येऊन राहिले का वो?" मला वाटलं, पत्र वाटेत हरवलं असेल. जेवण पोचलंच नाही, तर पत्रावळ उष्टी कशी? तीच चिठ्ठी पुन्हा काढली. नमस्कार या वेळी आठवणीने गाळला आणि थेट लिहिलं, 'सोमवारी नागऱ्याच्या देवळात या. बाईंना गाडीतून आणते.'

सोमवारी देवळात गुरुजींच्या आधी पोलीस होते, साध्या धोतरात, हातात बेल घेऊन. बाईंनी गुरुजींना पाहिलं ते बेड्यांत. पंधरा दिवसांत त्या गेल्या.

सुटून आल्यावर गुरुजींनी पाटीवर समजावलं. हरवलेलं पत्र पोलिसांकडेच होतं. सुरुवातीला नमस्कार असणार, हे कोणीतरी ताडलं. त्यावरून चिठ्ठीचे सुरुवातीचे आकडे निघाले. दुसरं पत्र त्यांनी वाटेत उतरवून घेऊन पुढे सोडलं होतं; तेच आकडे त्याला लावले आणि सोमवार निघाला, नागरा निघाला. "चिठ्ठी येकदाच वापरली असती, तं त्यायले निस्ता नमस्कार भेटला असता."

जन्मात पहिल्यांदा मी त्यांना विचारलं, "मंग चूक कोनती, गुरुजी? नमस्काराची का पत्रावळीची?"

त्यांनी पाटी पुसली. "छडी माहीच होती न वो."

पुढे त्यांच्या ओसरीवर चार मुली शिकायला येत. एकीने पत्रात नमस्कार गाळला. गुरुजींनी छडी उचलली, माझ्याकडे पाहिलं आणि ती तशीच हातात धरून बसले. तिला मारावं की शाबासकी द्यावी, हे मलाही सांगता आलं नसतं.