तलावाकडे पाठ करून

लेक समाजशास्त्र शिकते. परवा जेवताना तिने विचारलं, लोकांत राहून त्यांचा अभ्यास करायचा तर ते त्यांना सांगावं की लपवावं? मी दोन्ही करून दोन्हींत आपटलोय, त्यामुळे अधिकारवाणीने घसा खाकरला. बायको लगेच ताट घेऊन आत गेली.

विद्यार्थी असताना पोंभुर्ण्याकडच्या एका गावात, तलावावर मासेमारी करणाऱ्या भाऊंकडे मी दोन महिने राहिलो. जाळं टाकायला शिकायचंय, एवढंच सांगितलं होतं. जाळ्यात मासळीपेक्षा माझेच पाय जास्त अडकायचे. ऐकलेलं सगळं झुडपाआड बसून वहीत उतरवायचो. माझं पोट बिघडलंय असं वाटून वहिनी रोज ताक-भात वाढू लागल्या. तसा ताक-भात पुन्हा कुठे मिळाला नाही.

एका सकाळी जाळं सांधताना भाऊ सहज बोलून गेले. गावाने तलाव मासेमारीला बंद ठेवला असताना, जावई आला म्हणून त्यांनी पहाटे गुपचूप जाळं टाकलं होतं. गावाला कळलं तर वर्षाचा वाटा जाणार. मी तेही लिहिलं. तिसऱ्या दिवशी ते पान त्यांना वाचून दाखवलं.

भाऊंनी सुई जाळ्यात खोवून ठेवली. "लिहून राह्यला होता तं आधी काऊन नाई सांगतलं, बाबू? मी चांगलंच सांगतलो असतो."

पान मी चुलीत घातलं. मी अभ्यासाला आलोय हे त्यांनीच गावात सांगितलं. तेव्हापासून लोक माझ्याशी शाळा तपासायला आलेल्या साहेबाशी बोलावं तसं बोलू लागले. मी दिसलो की रंगात आलेली भांडणंही थांबत. प्रबंध लंगडाच झाला.

मग बंदी उठली, तलाव सुटला. सगळ्यांनी मिळून मासळी काढली, काठावर सारखे ढीग लावले. वाटणीला तिथे एकजण पाठ फिरवून उभा राहतो. मागचा ढिगावर हात ठेवून विचारतो, "हा कोणाचा?" आणि याने न पाहता नाव घ्यायचं. त्यासाठी ज्याचा स्वतःचा वाटा नाही असा माणूस लागतो. भाऊंनी मला उभं केलं. निरीक्षणाला आलेल्या माणसाला काम मिळालं ते न बघण्याचं.

पाठीमागे हसणं, ओल्या मासळीचा वास. तिसऱ्या ढिगाला मी भाऊंचं नाव घेतलं. पहाटेच्या त्या जाळ्याचं कोणाला कळलं असेल तर, म्हणून क्षणभर माझेच कान टवकारले. कोणी हरकत घेतली नाही; टोपली ओढल्याचा आवाज आला, आणि मागच्याने पुढच्या ढिगाचं विचारलं.