गुलाबरावांची लाल चिठ्ठी

"नर्सबाईचं लगन झालं म्हंते अकोल्याले! अन् मास्तरीणबाई तं थ्या दिवसापासून..."

एवढ्यात नळाला पाणी आलं. घागरी खणखणल्या, रांग पुढे सरकली आणि बोलणाऱ्या दोघी आपापल्या कळशा घेऊन पुढे झाल्या. उरलेलं वाक्य पाण्यात गेलं. मी रिकामी बादली घेऊन तिथंच उभी. त्या दिवसापासून काय? आजारी पडली? एकटीच राहते? का जिवाचं काही बरंवाईट केलं?

जिच्या दाराशी नळ असतो तिच्याजवळ किस्से साचतातच. माझ्या घरी ते परसातल्या तुराट्यांसारखे पडून आहेत. एक ओढायला जावं तर चार सोबत निघतात! यांची नोकरी रेल्वेत, ड्युटी बडनेऱ्याला. एकुलती एक मुलगी खामगावला दिलेली. दिवसभर घरात मी आणि चार भिंती. शिक्षण चौथी पास. मग बाईनं खिडकीत उभं राहू नये तर काय करावं? राजापेठेत मला सगळे चोंबडी म्हणतात. म्हणोत!

आजचे किस्से आमच्या गल्लीच्या तोंडाशी असलेल्या लायब्ररीचे, आणि माझ्या खिडकीसमोरच्या खोलीत राहणाऱ्या दोघींचे.

* * *

लायब्ररी गुलाबरावांची. गुलाबराव म्हणजे रिटायर तलाठी. जन्मभर जमिनीची प्रत ठरवली, मग पुस्तकांची ठरवायला लागले. प्रत्येक पुस्तकाच्या पाठीवर खळीनं चिकटवलेली रंगीत कागदाची चिठ्ठी. पांढरी धार्मिक, निळी ऐतिहासिक, पिवळी रहस्याची, हिरवी कौटुंबिक आणि लाल प्रेमाची.

लाल चिठ्ठीचं पुस्तक बिनलग्नाच्या पोरीला मिळायचं नाही. लग्न झालेलीलाही गुलाबराव चष्म्यावरून बघून विचारायचे, "घरी मालूम हाय ना?"

आमची घरमालकीण अनसूयाबाई. तिची सून एकदा लाल पुस्तक पदराखाली घेऊन आली. सासूनं दारातच पकडलं. सून म्हणाली, "धार्मिक हाय, सासूबाई."

अनसूयाबाई म्हणाली, "मले अक्षर नाई कळत, पन लाल रंग बराबर कळते!"

पुढच्या आठवड्यापासून सूनबाई पुस्तकाला वर्तमानपत्राचं कव्हर घालून आणू लागली. अनसूयाबाईनं एकच दिवस चालू दिलं. दुसऱ्या दिवशी पुस्तक हिसकून घेतलं. "कव्हर घातलं, म्हंजे लालच असन!"

* * *

त्या दोघी आमच्या आवारात आल्या त्या साली उन्हाळा फार होता. एक सुमतीबाई, मुलींच्या शाळेत मास्तरीण. वर्ध्याकडच्या, बोलणं अगदी छापील. दुसरी यमुना, दवाखान्यात नर्स. चांदूर रेल्वेची, बोलणं आमच्यासारखं रोखठोक. सामान म्हणाल तर दोन ट्रंका, एक कंदील आणि तुळशीचं एक डबडं.

आता, दोन बाया एका खोलीत राहायला आल्या म्हटल्यावर त्या एकमेकींच्या कोण, हे ठरल्याशिवाय गल्लीला जेवण जाईल का? कोणी म्हणे मावसबहिणी, कोणी म्हणे एका गावच्या. शेवटी अनसूयाबाईनं नळावर सरळ यमुनालाच विचारलं, "तू मास्तरीणबाईची कोन लागतं वं?"

यमुना हंडा घासत होती. हात न थांबवता म्हणाली, "मी त्यायच्या पोळ्या करतो, त्या माह्या ड्युटीच्या ड्रेसाले बटनं लावते. तुमच्याकडे त्याले काय म्हंतेत, मावशी?"

अनसूयाबाईनं जरा विचार केला. म्हणाली, "आमच्याकडे बटनंच नाई लावत कोनी!"

* * *

ड्युटी सुटली की यमुना आधी माझ्याकडे यायची. उंबऱ्यावर बसून अर्धा कप चहा पिताना दवाखान्यातल्या गोष्टी सांगायची आणि मान मात्र सारखी फाटकाकडे. सुमतीबाईंची छत्री दिसली की उरलेला चहा एका घोटात संपवून पळायची. मी म्हणायची, "अवं जीभ पोळन!" पण तिची कधी पोळली नाही.

मला त्या अर्ध्या कपाची फार सवय झाली होती. घरात दिवसातून तेवढंच एक माणूस माझ्याशी बोलायचं.

* * *

दर गुरुवारी दुपारी लायब्ररीत बायकांची वेळ. सुमतीबाई मोठ्यानं पुस्तक वाचून दाखवायच्या, आम्ही दहा-बाराजणी तूर निवडत ऐकायचो. एकदा एक हिरव्या चिठ्ठीची कादंबरी निघाली. दोन मैत्रिणी एका घरात राहतात. राहता राहता म्हाताऱ्या होतात. एकीचे डोळे जातात, तर दुसरी रोज सकाळी तिचा हात हातात घेते आणि अंगणात काय काय आहे ते तिला सांगते. आज जास्वंदीला तीन फुलं आली. आज चिमण्या कमी आहेत. बस, एवढंच पुस्तक.

माय वो, काय रडल्या सगळ्या! सगळ्यात जास्त अनसूयाबाई. पदरानं नाक पुसत म्हणाली, "नवऱ्यानं एवढं सांगतलं नाई कधी आपल्याले, अंगनात काय हाय अन् काय नाई!"

त्या संध्याकाळी अनसूयाबाई तांब्याभर दूध घेऊन समोरच्या खोलीत स्वतः गेली. "घ्या. तुमी दोघी बी तशाच हा, त्या पुस्तकावानी." मग रोजच दूध जायला लागलं.

* * *

पुढे गुलाबरावांकडचा हिरवा कागद संपला. त्या कादंबरीची चिठ्ठी निघाली होती, तर त्यांनी तात्पुरती पिवळी लावून दिली. म्हणाले, "कागद आला का बदलू."

तेवढ्यात ती दवाखान्याच्या कंपाउंडरनं नेली. तो फक्त पिवळी वाचणारा. चौथ्या दिवशी वैतागून परत घेऊन आला.

"गुलाबराव, दोनशे पानं झाली, अजून मेलं नाई कोनी!"

गुलाबराव म्हणाले, "पुढं असन."

कंपाउंडर बेंचवर बसला, पुन्हा पानं चाळली आणि एकदम मांडीवर थाप मारली. "सापडलं! डोळे आपोआप गेलेच नाई! दुसरीनंच घातलं असन काईतरी औषधातून. नाईतर एवढी सेवा कोन करते, बावा?"

नंतर महिनाभर तो दवाखान्यात यमुनाच्या हातातली बाटली वाकून वाकून बघत होता!

* * *

आता माझा किस्सा. हा मी आजवर कोणाला सांगितला नाही.

ती कादंबरी मी स्वतःसाठी घरी नेली. बोट ठेवून ठेवून पंधरा दिवसांत वाचली. परत द्यायला गेले तेव्हा माझं मन भरून आलं होतं. कौतुकानं बोलून गेले, "गुलाबराव, नवरा-बायकोच्या पुस्तकाहून जास्त प्रेम हाय हो यात!"

गुलाबरावांनी चष्मा वर केला. "प्रेम हाय?"

"हाय ना!"

"नक्की?"

"म्हंजे काय! पानोपानी हाय. आमच्या समोरच्या दोघीच आठोल्या मले."

गुलाबरावांनी खण उघडला. पिवळी चिठ्ठी नखानं खरवडून काढली, लाल चिठ्ठीला खळ लावली आणि पाठीवर अंगठा दाबून धरला. तलाठी माणूस, एकदा प्रत ठरली की ठरली! मी समोर उभी होते. मला तेव्हा काहीच वाटलं नाही. उलट वाटलं, आपलं ऐकलं.

* * *

पुढच्या गुरुवारी पुस्तक लाल कपाटात दिसलं. बायकांत कुजबूज. अनसूयाबाईनं सुनेला हुकूम केला, "वाच बरं पुन्हा."

सून वाचायला लागली. थोड्या वेळानं अनसूयाबाई म्हणाली, "थांब. हात हातात घेतला, हे मांगच्या बारीले बी होतं काय?"

"होतं ना, सासूबाई. तुमी रडल्या होत्या तिथं."

"तवा हिरवं होतं!"

कोणी हसलं नाही. सगळ्यांच्या माना हळूहळू त्या कोपऱ्याकडे वळल्या, जिथं सुमतीबाई आणि यमुना एकाच चटईवर बसल्या होत्या. सुमतीबाई शांतपणे उठल्या, चपला घातल्या. यमुना मागोमाग. त्यांच्या पाठीमागं चटई तशीच राहिली, कोणी उचलली नाही.

दुसऱ्या दिवसापासून दूध बंद. मग सुमतीबाईंकडे शिकवणीला येणाऱ्या मुली बंद. मग अनसूयाबाईचा निरोप, "दिवाळीच्या आंधी खोली खाली करा. आमच्याकडे पावने येनार हाय."

* * *

मी गुलाबरावांकडे पळत गेले. म्हटलं, "ते लाल काढा. हिरवं लावा. पाया पडतो तुमच्या."

ते म्हणाले, "काकू, तुमीच तं सांगतलं, प्रेम हाय म्हून. आता नाई म्हंता काय?"

नाही म्हणावं तर खोटं. हो म्हणावं तर लाल. शेवटी गुलाबरावांनीच विचारलं, "मंग कोनता रंग लावू थे तरी सांगा." मला कोणताच सांगता आला नाही. तशीच घरी आले.

संध्याकाळी यमुना माझी वाटी परत करायला आली. उंबऱ्याबाहेरच उभी. मी चहाचं आधण ठेवायला उठले तर म्हणाली, "राहू द्या काकू, आज नाई."

मी म्हटलं, "यमुने, माह्याच तोंडून गेलं वं."

ती म्हणाली, "मालूम हाय. पन तुमी खोटं तं नाई बोलल्या."

आणि गेली. शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

* * *

सुमतीबाईंनी अकोल्याला बदली मागून घेतली. यमुनानं नोकरी सोडली. दिवाळीच्या आधी टांगा आला. त्याच दोन ट्रंका, तोच कंदील, तुळशीचं डबडं यमुनाच्या मांडीवर. दारं सगळी लावलेली, फटीतून डोळे मात्र सगळ्यांचे. मी एकटी खिडकीत. हात वर करणार होते, पण झाला नाही.

आठवड्यानं गुलाबराव ओरडत फिरत होते. ती लाल कादंबरी सुमतीबाईंच्या नावावर होती आणि परत आलीच नव्हती!

समोरची खोली अनसूयाबाईनं वरूडच्या एका संत्र्याच्या व्यापाऱ्याला दिली. पाहुणे काही आले नाहीत. व्यापाऱ्यानं खिडकीला लावून पेट्या रचल्या. आता मी खिडकीत उभी राहिले की लाकडाच्या फळ्या दिसतात. चहा मात्र अजून दीड कपच होतो. यांना विचारलं, "घ्या अर्धा," तर हे म्हणतात, "कायले करतं जास्त?"

* * *

असं वर्षभर. आणि मग नळावरची ती अर्धी बातमी. त्या दिवसापासून काय, या विचारानं मला जेवण जाईना. यांना म्हटलं, पोरीला भेटून येतो, पास काढून द्या. गाडीत बसले खामगावला जायला आणि उतरले अकोल्याला!

मुलींची शाळा विचारत विचारत गल्ली गाठली. एक बाई दारात गोवऱ्या रचत होती. सुमतीबाईंचं नाव सांगितलं.

"थ्या ननद-भावजय ना? थे पाहा, निंबाखालचं घर. भावजयीचा नवरा पलटनीत हाय, येतच नाई बिचारा. पन ननद किती करते वो तिचं! अशी ननद पायजे!" आणि तिनं डोळ्याला पदर लावला. मला एकदम आमचा गुरुवार आठवला.

दार उघडंच होतं. उंबऱ्याजवळ उजेडात सुमतीबाई चष्मा लावून बसल्या होत्या. पुढ्यात सूप, सुपात काळे मणी सांडलेले. मंगळसूत्राची पोत तुटली होती. त्या एकेक मणी दोऱ्यात ओवत होत्या. यमुना समोर, मोकळ्या गळ्यानं, तांदळातले खडे वेचावेत तसे सुपातले मणी वेचून त्यांच्या तळहातावर ठेवत होती. केसांत पांढरं दिसायला लागलं होतं तिच्या. शेवटचा मणी ओवून झाला.

सुमतीबाई म्हणाल्या, "मान वाकव जरा."

यमुनानं वाकवली. सुमतीबाईंनी पोत तिच्या गळ्यात घातली, मागं दोरा बांधला, ओढून पाहिला आणि मणी सरळ केले. मग दोघींना मी दिसले.

यमुना उठली. "काकू! उन्हात काहून उभ्या? या, चहा ठेवतो."

तीन कप आले. पूर्ण भरलेले. इकडच्या तिकडच्या गोष्टी झाल्या, तुळस दाखवून झाली. फळीवर ती कादंबरी होती. पाठीवर चिठ्ठी नव्हती, खळीचा डाग तेवढा होता. निघताना मी विचारलं, "गुलाबरावाले काय सांगू?"

सुमतीबाई म्हणाल्या, "सांगा, अजून वाचून व्हायचं आहे."

राजापेठेत परत आले तर नळावर रांग लागलेली. अनसूयाबाईनं मला बघताच पुढं जागा करून दिली.

"अकोल्याले उतरली होती म्हंते तू? खरं काय वो, लगन झालं नर्सबाईचं?"

"झालं."

"पोत हाय गळ्यात?"

"माह्या डोळ्यानं पाह्यली."

"अन् मास्तरीणबाई?"

"तिच्याच घरी हाय. बरी हाय."

अनसूयाबाईनं कमरेवरची घागर खाली ठेवली. मग हळूच विचारलं, "अन् नवरा कसा हाय वो?"

पाणी आलं.

"नवरा काई दिसला नाई," मी म्हटलं आणि बादली नळाखाली सरकवली.