मागची सीट

माझे यजमान गेले, तरी त्यांची जुनी मोटारसायकल घरी होती. पुण्यात नोकरी करणाऱ्या लेकाला ती आता नव्या थाटात, एकट्याच्या सीटची करून हवी आहे. आज ती टेम्पोतून शहाद्याला नेली आणि त्याने पाठवलेला फोटो वेल्डिंगवाल्या भाऊंना दाखवला.

ते म्हणाले, "ताई, मांगली चेसी कापी टाकी, ते मंग तुम्ही कोठे बठशात?"

साडी अडकू नये म्हणून लावलेली जाळी, पाय ठेवायची पट्टी, सगळं त्या मागच्या भागालाच जोडलेलं. आधी ह्यांच्या, मग लेकाच्या मागे मी तिथेच बसत आले.

लेकाला फोन लावला. तो अगदी प्रेमाने म्हणाला, "आई, तुला आता कुठे जायचं असतं गं?"

भाऊंना म्हटलं, "कापा."

ब्राह्मणपुरीला परतायची रिक्षा खच्चून भरलेली होती. मी मागे सरले, तर आतून एक अनोळखी बाई ओरडली, "ये व माय, बठ आठे! आम्ही सरकतस ना!"

रस्ताभर तिचा खांदा माझ्या खांद्याला टेकलेला होता. गाव आलं, तरी उतरावंसं वाटेना.

मैत्रिणींनो, तुमच्यासाठी घरात कोण सरकून बसतं?